पहिल्या शिट्टीचा भात

प्रिय माई,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात मी रोज तुमच्याशी बोलतेच आहे. पण आज कागद-पेन घेऊन बसले, कारण मला भीती वाटतेय आणि ती सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

मागच्या पडवीत नवा सिलिंडर उभा आहे. तुमच्या तेराव्याच्या स्वयंपाकात जुना संपला, तेव्हा शशीने पुण्याला परत जायच्या आधी हा मागवून ठेवला. "काकू, गॅसवाल्याकडूनच जोडून घ्या," असं बजावून तुमचा लेक गाडीत बसला. गॅसवाला आला तर मी म्हटलं, "राहू दे बाबा, आतला अजून संपायचाय." तो गेला. तेव्हापासून सिलिंडर तिथेच आहे. तोंडावरचं पांढरं टोपण तसंच, त्याची दोरी तशीच. मी कपडे वाळत घालायला जाते ती भिंतीला अंग घासत जाते. जशी काही झोपलेल्या कुत्र्याजवळून चाललेय!

उद्या रविवार. उद्या शशी येणार आणि माझ्याकडून एकदाचं उत्तर घेऊन जाणार.

आत्ता दुपारची वीज गेलेली आहे. हल्ली लोडशेडिंगमुळे सकाळी जाते, दुपारी जाते, संध्याकाळी परत जाते. पंखा थांबलाय, हाताचा घाम कागदाला लागतोय, अक्षर फिसकटलं तर समजून घ्या. तसंही माझी शाळा चौथीपर्यंतची. बाकीचं वाचणं-लिहिणं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. तुम्हीच चिडवायचात ना, "कुमे, साखर संपली की तुझी गोष्ट पुढे सरकते!"

शशी मागल्या महिन्यात न कळवता आला होता. संध्याकाळी वीज गेलेली, आणि मी खिडकीपाशी बसून भिजवलेले पोहे दह्याशी खात होते.

"काकू, हे काय?"

"दहीपोहे. तुला कालवू?"

"जेवायला काय केलंय?"

"हेच की. उकाड्यात बरे लागतात."

तो उठला, ओट्यापाशी गेला, शेगडीच्या बर्नरवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, माई! तुमच्या शेगडीवरची धूळ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पडवीतला सिलिंडर बघून आला, टेबलावरचं विजेचं बिल उचललं आणि बिल हातात धरून खुर्चीत बसलाच.

"तुम्ही आईच्या मागे एकदाही गॅस पेटवला नाही?"

मी चहाची किटली दाखवली, भाताचा कुकर दाखवला, कॉइलची शेगडी दाखवली. "सगळं होतं रे विजेवर," म्हटलं.

"वीज असेल तेव्हा होतं. नसेल तेव्हा पोहे. काकू, मी रागावत नाहीये. पण वीज आहे तोवर तुम्ही मीटर पळवणार आणि गेली की उपाशी बसणार, असं एकट्याने कसं राहता येईल? पुण्याला चला. घर भाड्याने देऊ."

"आणि मी गॅस लावला तर?"

"लावलात तर प्रश्नच मिटला. पुढच्या महिन्यात येतो. मला दुपारी गरम भात वाढा. मी पुन्हा विषय काढणार नाही." मग हसून म्हणाला, "आणि विजेच्या कुकरवर करून ठेवाल, तर मी शेगडीला हात लावून बघणार आहे!"

पोरगा वाईट नाही हो. तुमचाच आहे. सूनबाई स्मिताही चांगली आहे, मला आई म्हणून हाक मारते. पण तिचं घर ते तिचं घर. तिथे मी पाण्याचा पेलासुद्धा कुठला घेऊ म्हणून विचारते. इथे मला डोळे मिटून हिंगाची डबी सापडते. या वयात दुसऱ्याच्या ओट्यापाशी पाहुण्यासारखं उभं राहायचं, या विचारानेच पोटात खड्डा पडतो. आणि गॅसच्या विचाराने दुसरा खड्डा पडतो. या दोन खड्ड्यांच्या मधल्या बांधावर मी महिनाभर उभी आहे.

आपण दोघी जावांनी घरातली कामं कधी वाटून घेतली नाहीत. जिला जे दिसेल ते तिने उचलायचं. पण भीती मात्र चोख वाटून घेतली होती. नाही का?

माझी भीती तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. सिन्नरला माहेरी, मी परकरात असताना, मावशी स्टोव्हला पंप मारत होती आणि भडका उडाला. मावशी वाचली. पण तिचे हात पुढे कायम दुमडलेले राहिले. ती मला जवळ घ्यायची तेव्हा ते कातडं गालाला लागायचं. तेव्हापासून पेटणारी, फुसफुसणारी वस्तू दिसली की मी दोन पावलं मागे.

आणि तुमची भीती विजेची! ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबलंत आणि झटका बसून भिंतीला टेकलात, तो दिवस मला आठवतो. तुम्ही वाटणाचं भांडं सोडलं नाहीत, चटणी सांडली नाहीत, पण त्यानंतर बटणाला हात लावायचा झाला तर मला हाक. "कुमे, ये गं, तुझं ते करंटवालं यंत्र चालू कर!" मला विजेचं काही वाटायचं नाही. आमचे हे मोटारी रिवाइंडिंग करणारे, त्यांनी लग्नानंतर आधी मला फ्यूजची तार बांधायला शिकवली, मग सायकल.

गॅसचा नंबर लागला तो दिवस आठवतो? किती वर्षं वाट बघून लागला होता! तोवर आपली भुशाची शेगडी. मधे बाटली उभी धरून तुम्ही भुसा असा ठासायचात की बाटली ओढून घेतली तरी भोक ढासळायचं नाही. गॅस आला आणि मी माजघराच्या दारातून आत येईना. भाऊजी प्रेसमधून दुपारची सुट्टी टाकून आले होते. त्यांनी शेगडी पेटवून दाखवली, ज्योत भप्प करून निळी झाली आणि माझे पाय तिथेच रुतले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पदर खोचून म्हणालात, "गॅसचं मी बघेन. विजेचं तू बघ. संपलं!"

त्या एका वाक्यावर मी या घरात निश्चिंत झाले, माई.

मग हे भाताचा विजेचा कुकर घेऊन आले. पांढरा, काचेच्या झाकणाचा, भात झाला की खटका आपोआप वर. ज्योत नाही, वास नाही, शिट्टी नाही! मी नाचायचीच काय ती बाकी राहिले होते. तुम्ही मात्र दारातूनच नाक मुरडलंत. "करंटाचा भात! खाल्ला की केस उभे राहतील."

हे म्हणाले, "वहिनी, वेळ वाचेल, आणि गॅसपेक्षा महागही पडायचा नाही."

"पडायचा नाही? मोजून दाखवा."

झालं! दोन्ही भावांना निमित्तच हवं होतं. एक आठवडा सगळा स्वयंपाक माझ्या विजेवर, दुसरा आठवडा सगळा तुमच्या गॅसवर. तांदूळ तेच, डाळ तीच, पोळ्या तेवढ्याच. मी मीटरसमोर स्टूल टाकून बसायची. त्यातली ती ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावरची लाल खूण. तिथे बसून मला माझी यंत्रं माणसांसारखी कळायला लागली. मिक्सर केवढा ओरडतो, पण घास खातो एवढासा. भाताचा कुकर पोटापुरतं खातो आणि गप्प बसतो. पण ती कॉइलची शेगडी! ना आवाज, ना तक्रार, नुसती लाल होऊन बसते आणि खात सुटते. तिच्यावर उसळ चढवली की चकती जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरायची. माझा जीव वरखाली.

आणि तुमचा गॅस मोजायचा कसा? दोघा भावांनी सिलिंडर सायकलला बांधून चौकातल्या वखारीत नेला, लाकडं तोलायच्या काट्यावर. आठवडा संपल्यावर परत नेला. वखारवाल्याने म्हणे विचारलं, "काय हो, घरात गॅस आला तरी वखार सुटेना का तुमची?"

तुम्ही जिंकलात. नुसत्या भातापुरता माझा कुकर तुमच्या जवळपास आला होता, ते तुम्हीही कबूल केलंत. पण डाळ, उसळ, पोळ्या कॉइलवर गेल्या आणि मी बुडाले. गॅस स्वस्त पडणार हे ह्यांना आधीच कळत होतं. कोड्यात पडले ते दुसऱ्याच गोष्टीने. "गॅस इतका कमी कसा जळला?" तेवढ्याच माणसांच्या घरी शेजारी सिलिंडर संपून नवा यायचा, तरी आपला रेंगाळत असायचा.

सगळ्या कॉलनीला तुमची रीत पाठ झाली. डाळ-तांदूळ आधीच भिजत घालायचे. ज्योत कधी मोठी करायची नाही, कायम करंगळीएवढी. कुकरची पहिली शिट्टी झाली रे झाली की गॅस बंद. कुकर गप्प झाला की पाटावर उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळायचा, आणि आपापल्या वाफेवर शिजू द्यायचा. "माईंकडून काटकसर शिकावी!" असं जी ती म्हणायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाणाकडे बघायच्या नाहीत, तुमची गोधडी बघायला आत यायच्या. आणि तुम्ही नुसत्या हसायचात.

मला मात्र एक गोष्ट खुपायची. आज सांगतेच. गॅस पेटवायची वेळ झाली की तुम्ही मला घराबाहेर घालवायचात.

"कुमे, गच्चीवरचे पापड बघून ये."

"माई, आज पापड घातलेच नाहीत."

"नसले तरी बघून ये!"

आता हसू येतं. तेव्हा येत नसे. वाटायचं, ही बाई मला एवढी वेंधळी समजते का, की मी नुसती उभी राहिले तरी काहीतरी करून ठेवीन? मी गच्चीवर जायची, रिकाम्या गच्चीकडे बघायची आणि खालून शिट्टी ऐकू आली की परत यायची. तोवर कुकर गोधडीत आणि तुम्ही शांतपणे कोशिंबीर चिरत बसलेल्या.

आधी भाऊजी गेले, मग हे गेले, घरात आपण दोघीच उरलो. मागल्या दिवाळीत मी तुम्हाला म्हटलं, "माई, मला एकदा गॅस लावायला शिकवा ना. वेळ सांगून येत नाही." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी आहे तोवर तुला काय करायचंय?"

आणि मग तुम्ही नव्हतातच! असं कुणी करतं का हो?

तुमच्यामागे मी काय काय केलं, सांगायची लाज वाटते. झोपेतून उठून ओट्यापाशी नाक नेते. सिलिंडर जोडलेलाच नाही, तर वास येणार कुठून? तरी नेते. दोनदा टोपणाच्या दोरीला हात घातला आणि सोडला. डोळ्यापुढे मावशीचे हात येतात. आणि माझ्या एकटीचं काय व्हायचं ते होवो, पण भिंतीला भिंत लागून सोनवणेबाईंची नातवंडं खेळतात. माझ्या हातून बटण उघडं राहिलं तर? हल्ली दूध उतू गेलेलं मला वास आल्यावर कळतं. विजेचा कुकर निदान आपण होऊन बंद होतो. गॅसला कुठे कळतं, कुमुद विसरली म्हणून?

आज सकाळी मात्र मन घट्ट केलं आणि सोनवणेबाईंकडे गेले. त्या अंगणात धुणं धूत होत्या. म्हटलं, "तुमच्या मुलाला जरा पाठवता का? सिलिंडर जोडायचाय."

"तो ड्यूटीवर गेला. मीच येते की! माईंचा मीच नव्हते का बघत?"

"तुम्ही? तो तर गॅसवाला जोडायचा."

"जोडायचा तो. पण तो गेला की माई मला हाक मारायच्या. साबणाचं पाणी घेऊन या म्हणायच्या, बुडबुडा येतो का ते बघायला. त्यांच्यानं काय वाकून बघवत नसे. लय घाबरायच्या बाई!"

"कोण?"

"कोण काय? माई!"

मला वाटलं त्यांचा काही घोटाळा होतोय. म्हटलं, "अहो, घाबरते ती मी. माई नव्हे."

"तुम्ही घाबरता ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे," सोनवणेबाई पिळलेलं लुगडं झटकत म्हणाल्या. "पण माई तुमच्याहून वरचढ! रोज बघायची ना मी इथून. कुकर चढवला की कान तिकडे. पहिली शिट्टी झाली की गॅस बंद करून ज्या धावायच्या, त्या थेट मागच्या दारात. छातीवर हात धरून उभ्या. मी म्हणायची, माई, अजून एक शिट्टी होऊ द्या, डाळ कच्ची राहील. तर म्हणायच्या, नको गं बाई, दुसऱ्या शिट्टीपर्यंत माझा जीव राहायचा नाही. गोधडीत घालते, शिजेल तिथे."

"आणि ज्योत?" मी विचारलं. "ज्योत बारीक ठेवायच्या ती?"

"मोठी बघितली की पाय कापायचे त्यांचे!"

मी तिथल्या धुण्याच्या दगडावर बसले, माई. ओला होता, तरी बसले.

"मग मला का नाही कधी बोलल्या?"

सोनवणेबाईंनी जरा इकडेतिकडे बघितलं. जणू तुम्ही अजून मागच्या दारात उभ्या आहात. "मला शपथ घातली होती. म्हणायच्या, कुमुदला सांगू नको. मला भीती नाही असं तिला वाटतं, म्हणून तर ती या घरात डोळे मिटते."

माई! माई, हे काय करून ठेवलंत तुम्ही?

म्हणजे ते पापड! माझ्या वेंधळेपणासाठी नव्हे तर तुमचा हात थरथरताना मला दिसू नये म्हणून मी रिकाम्या गच्चीवर उभी राहायची! आणि वखारीतल्या काट्यावर आठवड्यानंतरही सिलिंडर एवढा जड भरला, तो तुमच्या भीतीमुळे! करंगळीएवढी ज्योत, पहिल्याच शिट्टीला बंद केलेला गॅस, गोधडी. दोन भाऊ डोकं खाजवत राहिले, सारी कॉलनी काटकसर काटकसर करत राहिली, आणि तुम्ही हसत राहिलात. भीतीतून पैसे वाचतात हे कोणाच्या डोक्यात येणार?

रागावू का तुमच्यावर? इतकी वर्षं दिवसातून दोनदा एकटीने घाबरलात. मी वर गच्चीवरच होते. मला हाक मारली असतीत तर मीही घाबरले असते, मान्य आहे. पण दोघी मिळून घाबरलो असतो ना! दोघी मागच्या दारात उभ्या राहिलो असतो. एकमेकींचा हात तरी धरला असता.

सोनवणेबाई म्हणाल्या, "धुणं आटपून येते दुपारी, जोडून देते." मी म्हटलं, "तुम्ही या. पण हात मी लावणार. तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहा."

"मी उभी राहून काय करू?"

"पापड बघा!"

त्यांना काही कळलं नाही. मीच हसले आणि हसताहसता डोळ्यांना पदर लावला.

हे बघा, कडी वाजली. त्याच आल्या असणार. पेन ठेवते. तुम्ही जिथे असाल तिथून जरा इकडे लक्ष ठेवा.

……

माई, लावला.

मध्ये बराच वेळ गेला, कारण परत आले ती नुसतीच बसून राहिले होते. आता सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही धड काही सांगतच नाही.

खिडक्या उघडल्या. सोनवणेबाई आणि मी सिलिंडर कलता करून गोल फिरवत ओट्याखाली आणला. तुम्ही लावायचात तसं त्याला कुंकवाचं बोट लावलं. आजवर मला ती तुमची भक्ती वाटायची. दोरी ओढली, टोपण निघालं आणि मी मागे सरले. काही झालं नाही. नुसतं टोपण निघालं! आतली रबराची चकती बोटाने चाचपली, रेग्युलेटर बसवला. तो 'खट्' बसला आणि माझ्या तोंडून मोठ्याने "अगं आई!" निघालं. सोनवणेबाई म्हणाल्या, "बसला, बसला, असाच वाजतो." साबणाचं पाणी मीच लावलं, वाकून मीच बघितलं. एक बुडबुडा होता, माझा जीव गेला. तो नुसता साबणाचा निघाला. फुटला आणि परत आला नाही.

मग लायटर. कटकट वाजतो आणि पेटत नाही! हात इतका हलत होता की लायटर बर्नरपासून वीतभर लांब. सोनवणेबाई ओरडल्या, "बंद करा, बंद करा, वारा येऊ द्या!" बंद केलं. दारात जाऊन उभी राहिले. खरं सांगते, तिथेच मनात आलं की पुण्याला फोन करावा. म्हणावं, ये रे बाबा, घेऊन जा मला.

पण मग तुमची गोधडी दिसली, फडताळावर घडी घातलेली.

परत आले. या वेळी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं. ज्योत लागली. भप्प झालं, मी डोळे मिटले, उघडले तर निळी, करंगळीएवढी. तुमचीच. कुकर चढवला आणि सोनवणेबाईंना सांगितलं, "आता तुम्ही घरी जा. नातवंडं आली असतील."

शिट्टीची वाट बघणं फार वाईट हो. कुकर आधी कुरकुरतो, मग झाकण थरथरतं, मग असा गप्प होतो की वाटतं आता काहीतरी नक्की होणार. आणि ती आली! मी कळ फिरवली, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, आणि पळाले. कुठे पळतेय कळलंच नाही. भान आलं तेव्हा मी मागच्या दारात होते, चौकट धरून.

माई, त्या चौकटीचा रंग एका जागी उडालेला आहे. माझ्या हाताच्या जरा वर, तुमच्या उंचीला. भोवताली हिरवा रंग शाबूत आणि तेवढंच लाकूड गुळगुळीत, हाताने झिजलेलं. इतकी वर्षं या दारातून मी ये-जा केली, चौकट पुसली, दसऱ्याला तोरण बांधलं. कधी दिसलं नाही.

मी माझा हात तिथे नेऊन ठेवला. कुकर गप्प होईपर्यंत तसाच ठेवला.

गोधडीतला भात बरा झालाय. थोडा मऊ झाला, भिजवताना पाणी जास्त झालं असेल. पण शिजलाय, आतपर्यंत. तूप-मीठ घालून खाल्ला. लिहितालिहिता आत्ता पंखा फिरायला लागलाय, वीज आली वाटतं. पांढरा कुकर ओट्यावर तसाच बसलाय, आज त्याला सुट्टी. त्याला टाकायची नाही हां मी! वीज असेल तेव्हा माझ्या एकटीच्या वाटीभर तांदळाला तो काही वाईट नाही, फार खात नाही. कॉइलची शेगडी मात्र माळ्यावर जाणार. तुम्हाला तेवढंच बरं वाटेल!

भीती गेली का म्हणाल तर नाही. हे लिहितानासुद्धा तीनदा उठून रेग्युलेटर बघून आले. उद्या सकाळी परत तोच कुकर, तीच शिट्टी. परवाही. ती जाईल असं मला वाटत नाही. तुमची कुठे गेली होती?

पण तुम्हाला एक शब्द देते. उद्या शशीला गरम भात वाढीन आणि तो शेगडीला हात लावून बघेल तर बघू दे, गरमच लागेल. तो शिट्टीला दचकला नाही तरी त्याला मी माझ्याबरोबर दारापर्यंत धावायला लावीन! आणि त्याला सगळं सांगीन. तुमची काटकसर कसली होती तेही. तुम्ही रागवा. मी भीती लपवणार नाही, माई. कोणाला गच्चीवर पाठवणार नाही. आणि ज्या दिवशी रेग्युलेटर बंद करायचं माझ्याकडून राहील, त्या दिवशी मी स्वतः फोन करून शशीला बोलावीन आणि मुकाट्याने पुण्याला जाईन. कारण भिंतीपलीकडे पोरं आहेत. तोवर मात्र हे घर, हा ओटा आणि पहिल्या शिट्टीचा भात.

दाराला यंदा रंग द्यायचा आहे. ती जागा सोडून देईन.

तुमच्याच उंबऱ्यावर उभी,
तुमची धाकटी जाऊ,
कुमुद